कठड्यापलीकडची करवंदं

आबा, परवा आम्ही वघईकडे गेलो होतो, वांसद्याच्या नॅशनल पार्कच्या रस्त्यानं. गाडी मुलगा चालवत होता. ब्रेक बघितलास का, टायर बघितलेस का, असं मी घरून, गोडादऱ्यातून निघाल्यापासून विचारत होतो. शेवटी तो म्हणाला, "पप्पा, गाडी मी चालवतोय. तुम्ही फक्त बसायचंय." पुढच्या सीटवर त्याची बायको तोंड फिरवून हसली. तुमची सून माझ्या शेजारी खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिला यातलं काही ऐकू आलं नाही. लूमच्या खात्यात आयुष्यभर बॉबिनी भरल्या, त्या खडखडाटात तिचे कान गेले. कानात घालायचं मशीन आहे, पण डोकं दुखतं म्हणून ती ते घरीच डबीत ठेवते.

घाटात एका वळणावर दरी बघायला जागा केली आहे. लोखंडी कठडा, त्यावर गुजरातीत पाटी, की पलीकडे जाऊ नये. खाली वाळलेलं सागाचं जंगल आणि तळाशी अंबिका नदी. लोक फोटो काढत होते. मी आधी कठडा धरून हलवून बघितला. तो हलत होता. हे मुलाला सांगायला वळलो आणि परत बघतो तर तुमची सून पलीकडे! कठडा संपतो तिथून वळसा घालून ती करवंदाच्या जाळीपाशी पोचली होती. लोणच्याची कच्ची करवंदं दिसली की तिला दुसरं काही दिसत नाही. पाठ आमच्याकडे, एका हातात पदराची झोळी, पायाखाली उतरता सुटा मुरूम, आणि जाळीच्या पुढे काहीच नाही.

"आई! ओ आई!" माझी सून ओरडली. ते कुणाला ऐकू जाणार? मुलगा धावला. मागून जाऊन तो तिला धरणार होता. मी त्याचा शर्ट असा ओढला की बटण तुटलं. "पप्पा, सोडा! वेड लागलंय का?" मी म्हटलं, "मागून हात लावू नको. दचकेल ती."

आबा, त्या क्षणी मला तुमची चपराक आठवली. मी खात्यात नवा आहे. तुम्ही वाकून सुताचा तुटलेला तार जोडताय, आणि मी डबा आणला म्हणून मागून तुमच्या खांद्यावर हात ठेवतो. तुम्ही दचकता, बोटं थोडक्यात वाचतात, आणि सगळ्या कारागिरांसमोर माझ्या गालावर बसते. मग माझ्या कानाशी तोंड आणून तुम्ही म्हणता, "आधी दिसायचं, मग बोलायचं." त्या आवाजात बोलणं कुठलं, सगळं हातानंच. तिलाही तुम्हीच शिकवलं. घरात ती तुमच्यासमोर पदर ओढून मुकी असायची, सासऱ्याशी बोलायची रीतच नव्हती. खात्यात मात्र तुम्ही दोघं हातांच्या खुणांनी चांगले भांडायचात, बॉबिन उशिरा आली म्हणून.

कठडा पुढे वळतो. त्या टोकाला गेलं की ती बाजूनं दिसते, आणि तिनं मान वर केली तर तिलाही मी दिसणार. मी तिथं जाऊन उभा राहिलो. पळालो नाही, पळणारा दिसला तरी माणूस दचकतो. ती मान वर करीना. एक करवंद, अजून एक, मग जरा पुढची फांदी. तिच्या चपलेखालून मुरूम सुटला, तो खाली पडल्याचा आवाजही आला नाही. मागं मुलगा रडकुंडीला येऊन म्हणत होता, "पप्पा, काहीतरी करा ना!" मी हात वर धरून उभाच. मग तिनं घाम पुसायला तोंड वर केलं. मी पंजा हळूहळू खाली दाबला. म्हणजे, लूम बंद कर.

तिनं फांदी सोडली. तशीच, जशी खात्यात थांबायची, आधी हात मागे, मग पाय. मी बोटांनी बोलावलं, सावकाश. ती आल्या वाटेनं एकेक पाऊल टाकत आली, झोळी न सांडता, आणि मला विचारलं, "काय व्हयनं? कोठे तार तुटना?" मुलगा तिथंच जमिनीवर बसला. सून रडायला लागली. तेव्हा कुठं तिनं वळून दरी बघितली आणि माझा दंड धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही. मीही गाडीत परत ब्रेकचं काही विचारलं नाही.

चौथीपर्यंतचं माझं लिहिणं, त्यात तुम्ही गेलात तिकडं हा कागद टाकायला पेटी कुठली. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की तुमची खूण तिच्या ध्यानात आहे. करवंदांचं लोणचं घातलंय. सगळे खातात, चांगलं झालंय म्हणतात. मी हात लावत नाही, दाढ दुखते असं सांगितलंय. रोज जेवताना ती गालावर बोट ठेवून विचारते, अजून दुखते? मी मान हलवतो. आबा, दाढ चांगली आहे.