टाकीच्या झाकणाची लाल चिंधी

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शुद्धलेखनाला हसू नकोस. आईच्या फोनवर एका बोटाने टाइप करतेय, जोडाक्षर आलं की अडते, आणि शाळा सुटल्यापासून लिहायची सवयच गेली. तोंडी बोलले असते तर तू म्हणाला असतास, मुके, काय ते पटकन सांग, आणि मग मला काहीच सांगता आलं नसतं.

तुम्ही गाडी डोंगरावरच सोडून तिथूनच परस्पर गेलात. ती काल टेंपोमागे दोरीने बांधून आली. बाबा फाटक उघडून केव्हापासून उभे होते. मिस्त्रीकाकांनी इंजिन उघडलं. पिस्टनच्या डोक्याला भोक पडलंय, कडा वितळल्यासारख्या झाल्यात, सिलिंडरलाही ओरखडे आहेत. काका म्हणाले, ही चढाला टकटक करत असणार आणि कुणीतरी तशीच दामटली. ह्या गाडीचे पार्ट आता निघत नाहीत.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. पेट्रोल कुठलं भरलंस? आणि टाकीच्या झाकणाला बाबांनी बांधलेली लाल चिंधी कुठे गेली? चिंधी बघितली की नाक्यावरचा पंपवाला न विचारता सत्त्याण्णव ऑक्टेनच्या भारी पेट्रोलची नळी उचलतो, हे तुला माहीत आहे.

जूनपासून मी हीच गाडी शाळेच्या मुलांसाठी चालवणार होते. लायसन्स आलंय. घरं पण ठरली होती. गाडीत मला बोलता येतं रे, कारण समोर बघायचं असतं, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

वहिनीला नमस्कार. तिला गाडी लागली होती, आता बरी आहे ना?

तुझी,
मुकी


१४ मार्च

चि. मुकीस,
अनेक आशीर्वाद.

तू एवढं बोलतेस हे घरात कुणाला माहीत आहे का? तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं, ती हसून हसून दमली. म्हणाली, ही तर वकील व्हायची.

चिंधी मीच सोडली. पुढच्या खणात ठेवली आहे, बघ. सासरे पहिल्यांदाच आपल्या गाडीत बसणार होते आणि मागे ते लोंबणारं फडकं. बरं दिसतं का? पंपावर मी खाली उतरलो नाही, पोराने काय भरलं ते बघितलं नाही. साधंच भरलं असेल. अगं, माझ्या गाडीत मी कायम साधंच भरतो, कधी काही झालं नाही. भारी पेट्रोल म्हणजे पंपवाल्यांचा धंदा आहे.

चढावर आवाज येत होता, खोटं कशाला बोलू. सासरे विचारायला लागले, म्हणून मी गाणी मोठी केली. जुनी गाडी आवाज करायचीच. बाबाच मला फोनवर म्हणाले की वयच झालं होतं तिचं. ते म्हणतात तर तू कशाला ओढून धरतेस? भंगारात देऊन टाका आणि मोकळे व्हा. तुझ्यासाठी इथे एखाद्या दुकानात बघतो. मात्र गिऱ्हाइकाशी बोलावं लागेल, तेवढा सराव कर.

आईबाबांना नमस्कार सांग. रागावू नकोस.

तुझा,
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गाडी परवा गेली. भंगारवाल्याने आधी आरसे काढले.

तुझ्या गाडीत साधं चालतं कारण तिच्या इंजिनला कान आहे. टकटक झाली की सेन्सरला कळतं आणि गाडी आपलं आपण ठिणगीचं टायमिंग मागे घेते. आपल्या गाडीला तो कान नव्हता. ऑक्टेन म्हणजे जोर नाही, दादा. दाबलं तर पेट्रोल किती वेळ गप्प राहतं, ते. साधं पेट्रोल आपल्या इंजिनच्या दाबाला टिकत नाही, आपसूक भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. बाबांनी हे दोघांनाही एकाच दिवशी शिकवलं होतं, गाडीच्या बॉनेटवर बसवून. तू माझ्या आधी उत्तर दिलं होतंस.

त्या गाडीचा कान म्हणजे बाबा. टकटक ऐकली की ते लगेच पाय उचलायचे, गियर उतरवायचे. त्या दिवशी तेच चालवणार होते. सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तू म्हणालास, बाबा, जागा होत नाहीये, तुम्ही राहा. सासऱ्यांच्या शेजारची सीट तर रिकामीच होती, तिच्यावर वहिनीची पर्स होती. गाडी वळेपर्यंत बाबा पायरीवर हात वर करून उभे होते.

वयाचं ते खोटं आहे. पिस्टन हातात आल्यावर बाबांनी त्या भोकात बोट घालून बघितलं. मग मिस्त्रीकाकांना म्हणाले, पोराने विचारलं तर सांगायचं, वय झालं होतं. काका म्हणाले, अहो, पण पेट्रोल. बाबा म्हणाले, सांगतोय ना. मी तिथेच पाने-पक्कड धुवत होते. मी काही बोलत नाही म्हणून माझ्यासमोर सगळे बोलतात.

दुकानाचं बघू नकोस. मी सोमवारपासून मिस्त्रीकाकांकडे काम शिकायला जाते. मुलांच्या घरी जाऊन मीच सांगितलं की गाडी नाही. सगळ्यांच्या तोंडाकडे बघून.

बाबांनी बजावलंय, दादाला ह्यातलं काही कळवू नकोस, त्याला लागेल. म्हणून लिहितेय.

चिंधी खणात होती. धुऊन बाबांच्या उशाला ठेवली तर त्यांनी त्याच चिंधीने चष्मा पुसला.

लोभ वाढावा असं खाली लिहायचं असतं. आहे तेवढा राहू दे.

मुकी

आईने केस कापले, खांद्यापर्यंत. छान दिसते.