तेलाच्या पट्टीवरचं सील

प्रिय धाकट्या,

पाकिटाच्या चारही कडांना मी चिकटपट्टी लावली आहे आणि पट्टीवर आडवी सही केली आहे. सही कुठे तुटलेली दिसली तर पत्र तुझ्याआधी कुणीतरी वाचलंय असं समज. हसू नकोस. तू फोन उचलत नाहीस. घरी आले तर तुझी बायको दारातूनच सांगते की ते झोपलेत, आणि तेही सकाळी अकरा वाजता. म्हणून हे पत्र रजिस्टर टपालाने पाठवते आहे. पोचपावतीवर तुझीच सही आहे ना, हे मी तपासणार आहे. पुढच्या शुक्रवारी कंपनीत तुझी चौकशी आहे. बावीस वर्षांची तुझी नोकरी राहते की जाते ते त्या दिवशी ठरणार, आणि हे सगळं सख्ख्या बहिणीने केलेल्या तक्रारीवरून. तेव्हा पत्र फाडायचा तुला पूर्ण हक्क आहे, पण आधी वाच आणि मग फाड. मी सगळं क्रमाने सांगते, मला तसंच सांगता येतं.

गाडी घेतली तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते आणि तोवर सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. तूच तुझ्या वर्कशॉपमधून गाडी घ्यायला लावलीस, माझ्या डोळ्यांसमोर इंजिन राहील म्हणालास. शाळेमागच्या रिकाम्या मैदानावर तू मला तीन महिने शिकवलंस. मी क्लच सोडायचे आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. तू कपाळाला हात लावायचास आणि म्हणायचास, ताई, ते पेडल आहे, रबरी शिक्का नाही, इतकं दाबून मारू नकोस. पहिल्यांदा मी एकटी बाजारात जाऊन परत आले तेव्हा तू फाटकाशी उभा होतास आणि डोळे पुसत होतास. धूळ गेली म्हणालास. मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं, पण तो संशय गोड होता.

बाकीचे संशय गोड नव्हते. चौतीस वर्षं मी परीक्षा विभागाच्या गोपनीय खोलीत प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधले. दोरा, गाठ, गाठीवर वितळलेली लाख, लाखेवर शिक्का. तिथे कुणी कुणावर विश्वास ठेवायचा नाही, हाच नियम होता, आणि त्याचा पगार मिळायचा. तुझे भाऊजी म्हणतात, देवाने वर दिला तरी ही त्याच्याकडून पोचपावती घेईल. दुसऱ्या सर्व्हिसनंतर इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. तू म्हणालास थंडीत येतो. मी सकाळी सातला बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर काढायचे, पुसायचे, परत बुडवायचे आणि खुणेपाशी किती आलं ते वहीत लिहायचे. पंधरा दिवसांत तेल केसभर खाली गेलं. तू म्हणालास, प्रत्येक इंजिन थोडं पितं, शिवाय तुझ्या पार्किंगला उतार आहे, तिथे मोजमाप बरोबर येणारच नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन प्रश्नांना चार उत्तरं देणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा अनुभव आहे. तिसऱ्या सर्व्हिसच्या आधी मी एअर फिल्टरवर पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली. गाडी परत आली, फुली जागच्या जागी. तू शांतपणे जॉबकार्ड दाखवलंस की या सर्व्हिसला तो फिल्टर बदलत नाहीत, नुसता झटकून परत बसवतात. कागद बरोबर होता. मला वाटलं, कागद इतका बरोबर आहे म्हणजे पाणी नक्की कुठेतरी मुरतंय.

आता जे सांगते ते तक्रारीत लिहिलेलं नाही. निवृत्त होताना ऑफिसने मला भेटवस्तू म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. लाखेच्या सहा कांड्या, दोऱ्याचं रीळ आणि झिजून बाद झालेला शिक्का मात्र मी स्वतःच आणला होता. तेल कुणी काढतंय का, हे मला कळायला हवं होतं. एका दुपारी मेणबत्ती घेऊन मी खाली गेले आणि तेलाची पट्टी जिथे नळीत शिरते तिथे दोरा गुंडाळून वर लाख ओतली. शिक्का मारला. छान उमटला, जुन्या दिवसांसारखा. चार दिवसांनी बघते तर सील नाही. दोरा काळा पडून लोंबत होता आणि नळीच्या तोंडाशी लाल कपचे होते. म्हणजे चोर आहे, आणि तो पार्किंगमध्ये येतो. मी पट्टी ओढून तेल मोजलं, कपचे बोटाने बाजूला सारले आणि नवं सील केलं, आधीपेक्षा जाड. तेही गेलं. मग तिसरं. वॉचमनवर संशय घेतला, त्याला दोन दिवस उगाच पहाटेपासून जागता ठेवला. समोरच्या दंतवैद्यावर घेतला, कारण त्याचीही गाडी त्याच कंपनीची. तुझ्या भाऊजींवरही घेतला, आणि ते बिचारे बॉनेट उघडायची कळ कुठे असते हे अजून विचारतात. चौथं सील गेलं तेव्हा मी स्वतःला म्हटलं, ज्याला इंजिनातलं कळतं आणि ज्याच्याकडे आपल्या गाडीची दुसरी किल्ली आहे असा माणूस एकच आहे. पाचवं सील केलं आणि आठवड्याभराने तू रविवारी चहाला आलास. त्याबद्दल शेवटी लिहिते.

त्यानंतर दहाव्या दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला, आतून कुणी हातोडी मारावी तसा आवाज आला आणि गाडी बंद पडली. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून मला भंडावलं. गाडी ओढून वर्कशॉपला नेली. वॉरंटीला अजून अठरा महिने होते, म्हणून मी निर्धास्त होते. मग कंपनीचा माणूस आला, टाय लावलेला, माझ्याशी बोलताना गाडीकडे बघणारा. तेलाच्या चेंबरमधली जाळी कसल्यातरी चिकट गोळ्याने तुंबली होती, तेल वर चढलंच नाही, बेअरिंग जळली. बाहेरचा पदार्थ आत गेला असेल तर वॉरंटी लागू होत नाही, असं त्याने मला वॉरंटीच्या पुस्तिकेतलं कलम वाचून दाखवलं. मी विचारलं, पदार्थ कसला. तो म्हणाला, ते आमच्या फोरमननी अहवालात लिहिलेलं नाही, फक्त बाहेरचा पदार्थ एवढंच लिहिलंय. आमचे फोरमन म्हणजे तू. माझ्या डोक्यात एकदम सगळे कागद जुळले. वर्कशॉपने काम नीट केलं नाही, ते झाकायला माझ्याच भावाने काहीतरी आत टाकलं आणि वर मोघम अहवाल लिहून मालकाची बाजू सांभाळली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला. पण मी बोलले. मुख्य कार्यालयाला पाच पानी तक्रार पाठवली. त्यात लिहिलं की माझा भाऊ त्या रविवारी एकटा माझ्या गाडीपाशी होता, त्याच्याकडे किल्ली आहे, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. चौथ्या दिवशी तुला घरी बसवलं. तुझ्या बायकोने फोनवर विचारलं, ताई, तुम्ही खरंच असं लिहिलंत? मी म्हटलं, जे पाहिलं ते लिहिलं.

मागच्या मंगळवारी दुपारी कंपनीकडून एक पाकीट आलं. चौकशीआधी तक्रारदाराने पुरावा पाहून सही करायची असते. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत तो गोळा होता, सुपारीएवढा, काळपट. पिशवी उघडली आणि तेलाच्या वासाखालून दुसरा एक वास आला. धाकट्या, चौतीस वर्षं तो वास माझ्या केसांत होता. तरी मी नाही म्हटलं, कारण खात्री झाल्याशिवाय सही करायची नाही. गोळा चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरला. तो मऊ झाला, कडेने लाल झाला. कपाटातून शिक्का काढला आणि दाबला. अर्धामुर्धा का होईना, उमटला. सील कुणीच तोडत नव्हतं. इंजिन तापलं की लाख वितळायची, नळीवरून खाली ओघळायची, आणि उरलेले कपचे पट्टी ओढताना मीच आत पाडायचे. पाच वेळा. चोर धरायला मी जो पहारा बसवला त्यानेच इंजिन खाल्लं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. तुझे भाऊजी शेजारी उभे होते. त्यांनी फक्त मेणबत्ती विझवली.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. मी नोकरीला लागले तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. शाळा सुटली की माझ्या ऑफिसात यायचास, टेबलाखाली बसून लाखेचे पडलेले तुकडे वेचायचास आणि त्यांच्या गोट्या करायचास. तो वास माझ्याइतकाच तुझ्याही ओळखीचा आहे. जाळी तू स्वतः काढलीस. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू लाख असं लिहिलं असतंस तर कुणीही विचारलं असतं की गाडीत लाख कुठून आली, आणि तुझी बहीण वर्कशॉपभर हसण्याचा विषय झाली असती, नाहीतर कंपनीने मीच मुद्दाम केलं म्हटलं असतं. म्हणून तू बाहेरचा पदार्थ लिहिलंस. मी तुझं नाव घेतल्यावरही तू अहवाल बदलला नाहीस.

काल मी मुख्य कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज दिला. सहा पानं, तक्रारीपेक्षा एक जास्त. उरलेल्या दोन कांड्या, दोरा आणि शिक्का सोबत जमा केले. वॉरंटीचा दावा मागे घेतला. पोच घेतली, तिची प्रत यासोबत आहे. शुक्रवारी मी स्वतःही हजर राहणार आहे, कारण तुझ्याबद्दल माझ्याकडे आता एकच संशय शिल्लक आहे. मला वाचवायला तू तिथे उभा राहून म्हणशील की ताईचं वय झालंय, तिला भास होतात. तसं करू नकोस. मला भास होत नाहीत, मी चूक केली.

हे सगळं अर्जात आहेच, त्यासाठी पत्राची गरज नव्हती. पत्र लिहिलं ते त्या रविवारसाठी. पाचवं सील चोरासाठी नव्हतं, तुझ्यासाठी होतं. तू आलास तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, चहा होईपर्यंत जरा तेल बघून ये. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा धरून उभी राहिले. आठवडाभर मी गाडी हलवली नव्हती, म्हणून ते सील शाबूत होतं. तू बॉनेट उघडलंस, वाकलास आणि तसाच थांबलास. बराच वेळ. मला वाटलं, काहीतरी करतोय. आज कळतंय की तू वाचत होतास. गोपनीय, असं लिहिलेलं आहे त्या शिक्क्यावर. मग तू सील न तोडता बॉनेट अलगद खाली टेकवलंस आणि वर येऊन म्हणालास, तेल बरोबर आहे ताई. पट्टी न काढता तू ते म्हणालास, आणि मी मनात म्हटलं, सापडला. तू त्या आठवड्यात दोनदा फोन केलास. बहुधा लाख वितळते हेच सांगायला. मी उचलला नाही, चोराला सावध करायचं नव्हतं. गाडी गेली त्याचं मला काही वाटत नाही. पण तू तिथे वाकून उभा होतास तेव्हा तुला काय कळलं असेल, ते माझ्या डोक्यातून जात नाही. आणि ते कळूनही तू वर आलास, चहा घेतलास, कप विसळून ठेवलास. तो चहा मी तुला पकडायला ठेवला होता, धाकट्या. मला माफ कर.

तुझीच,
ताई