एका नळीतली माणसं

१ जानेवारी २०२४, भोर

नवं वर्ष, नवी नोकरी आणि ही नवी रोजनिशी. नसरापूरला एसटी पंक्चर झाली, तेव्हा रस्त्याकडेला कुडकुडत वडापाव खाल्ला. शेजारच्या बाईंनी पिशवीतला पावटा माझ्या ओंजळीत ओतला आणि सोलायलाच बसवलं. भोरच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्यांच्या आमटीची तयारी झाली होती. मला हे गाव आवडणार असं दिसतंय!

सुलक्षणा स्मृती रुग्णालय छोटं आहे, पण स्वच्छ. मागच्या बाजूला मला खोली दिली आहे. खिडकीतून कापलेली भातखाचरं दिसतात आणि पलीकडे डोंगर. काम माझ्या आवडीचं. करोनाचे रुग्ण पुन्हा दिसायला लागलेत. पॉझिटिव्ह माणसाच्या घशातला नमुना बर्फाच्या पेटीत घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे विषाणूची जनुकं वाचतात आणि तो कुठल्या कुळातला, जुना की नवा, ते कळवतात. माझी मैत्रीण शुभ्रा तिथेच आहे, त्यामुळे फोनवर गप्पाही होतील. डॉ. प्रद्युम्न, म्हणजे इथले मुख्य डॉक्टर, मला म्हणाले की तू विषाणूंच्या सोयरिकी जुळवणारी आलीस. गोड बोलतात. जरा जास्तच गोड बोलतात.

५ जानेवारी

रुळले. वॉर्डात कामाला सगुणामावशी आहेत, हिर्डोशीच्या. मी जेवले की नाही याची चौकशी त्या दिवसातून इतक्यांदा करतात की आईची उणीव भासत नाही. डॉक्टरांचं नाव निघालं की मात्र पदर खोचून दुसरीकडे निघून जातात.

किट कमी असल्यामुळे इथे अजून जुनी पद्धत चालते. चार-पाच जणांचे नमुने एकाच नळीत घालायचे. नळी निगेटिव्ह आली की सगळे सुटले. पॉझिटिव्ह आली तर प्रत्येकाची पुन्हा वेगळी तपासणी. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या लाटेत या युक्तीनं मी अर्धा तालुका सांभाळला. हे ऐकताना सगुणामावशींच्या हातून बादली पडली.

९ जानेवारी

सौदामिनीबाई दाखल झाल्या. निवृत्त शिक्षिका, शिवाय इथले विश्वस्त रघुवीरराव यांच्या पत्नी, त्यामुळे सगळं रुग्णालय त्यांच्या खाटेभोवती. त्यांचा नमुना मी स्वतः घेतला आणि पुण्याला पाठवला. एक गोष्ट कळेना. सकाळी आल्या तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. दुपारपर्यंत दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखी झाली. मोतीबिंदू एका दिवसात होत नाही!

आणि त्यांची भाषा. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाई तापात सारखं एकच म्हणत होत्या: "म्या न्हाई. माजं नाव का लावलं?"

११ जानेवारी

सौदामिनीबाई गेल्या. संध्याकाळी शुभ्राचा फोन. म्हणाली, नमुन्यात दोन माणसांचा अंश आहे, तुझ्या हातून भेसळ झाली. माझ्या हाताला नावं ठेवली! मी तिला चांगलंच झापलं. मग ती हळूच म्हणाली की अजून एक आहे. विषाणू आत्ताचा नाही, दुसऱ्या लाटेतला आहे, आणि तो आता जगात कुठेच सापडत नाही.

१५ जानेवारी

सौदामिनीबाईंचा मुलगा मंदार परवा दाखल झाला. या वेळी नवे हातमोजे, नवी नळी, खोलीत मी आणि तो दोघंच. म्हटलं, आता बोल म्हणावं शुभ्राला.

आज शुभ्रा बोलली. पुन्हा तोच मेलेला विषाणू, पुन्हा दोन माणसं. उत्सुकतेपोटी तिनं दोन्ही नमुने ताडून पाहिले होते. दुसरं माणूस दोन्हींत एकच आहे. बाई आहे. पण सौदामिनीबाई नव्हेत, की त्यांच्या नात्यातलीही कुणी नव्हे.

मंदारचेही डोळे पांढरे झाले. आज दुपारी तो गेला.

१६ जानेवारी

सगुणामावशींना विचारलं. आधी म्हणाल्या, तुमी लेकराच्या जागी, तुमास्नी कशाला ह्ये. मग भांडी घासायची सोडून खाली बसल्या आणि सगळं सांगितलं.

धोंडाबाई त्यांची मोठी जाऊ. दुसऱ्या लाटेत हिर्डोशीहून मोतीबिंदू काढायला आली होती. ऑपरेशनआधी करोनाची तपासणी झाली. एका नळीत चौघांचे नमुने घातले: रघुवीरराव, सौदामिनीबाई, मंदार आणि धोंडाबाई. नळी पॉझिटिव्ह आली. रघुवीररावांच्या घरी मुलीचा साखरपुडा ठरलेला. डॉक्टरांनी कुणाचीच वेगळी तपासणी केली नाही. तिघं निगेटिव्ह म्हणून घरी गेले आणि धोंडाबाईच्या नावापुढे पॉझिटिव्ह लागलं. धडधाकट बाई आजाऱ्यांत टाकली. तिथे तिला खरंच लागण झाली आणि ती मेली. तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. गावानं घरापुढे बाभळीच्या फांद्या टाकून वाट बंद केली. तिचा नवरा तसाच झुरून गेला.

मावशी रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "लई गरीब व्हती वो ती. आता न्हाई ऱ्हायली गरीब. ज्याचं त्याला परत देतीया."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपासणी म्हणजे माणसाचा जीव. तिथे हा माणूस बोट दाखवून ठरवतो?

१९ जानेवारी

रघुवीरराव दाखल. डोळ्यांवर साय आलीच होती. मी त्यांच्या कानाशी जाऊन धोंडाबाईचं नाव घेतलं. म्हणाले की कुणाचं तरी नाव लावावंच लागणार होतं, प्रद्युम्न म्हणाला ती आजी गावाहून एकटीच आलीय, कोण विचारणार. मग त्यांनी माझा हात धरला आणि तिला सांग, तिला सांग, असं म्हणत राहिले.

मी हात सोडवून घेतला. मला दया आली नाही. लिहूनच ठेवते: मला बरं वाटलं.

२० जानेवारी

रघुवीरराव गेले. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडलाय. मी सरळ विचारलं की धोंडाबाईला कुणी मारलं. मग त्यांनी फर्मान काढलं की सगळ्या कर्मचाऱ्यांची तपासणी करा. ते स्वतः, नूतन सिस्टर, सगुणामावशी आणि मी. एकाच नळीत.

२१ जानेवारी

नळी पॉझिटिव्ह. वेगळी तपासणी नाही. डॉक्टर म्हणाले, ही बाहेरून आली, हिचंच असणार.

माझ्या खोलीत नाही, विलगीकरणाच्या खोलीत कोंडलं आहे. बाहेरून कडी. मला ताप नाही, खोकला नाही, काही म्हणजे काही नाही. दार बडवलं. आईला त्यांनीच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. केवढा शहाणा! सगुणामावशी खिडकीतून भाकरी देऊन गेल्या. त्यांनीच सांगितलं — धोंडाबाईची खाट हीच.

२२ जानेवारी

ती आहे. खाटेच्या पायथ्याशी बसते. दिसत नाही, पण गादी दबलेली असते. मी तिला म्हटलं, मी त्यांच्यातली नाही, मला सोड. गादी दबलेलीच राहिली. मग कळलं. ती मला छळायला आलेली नाही. तिच्या जागेवर मला टाकलं, म्हणून ती इथे आहे.

ताप चढतोय. आता खरा चढतोय.

२३ जानेवारी

शुभ्राला फोन केला. ती घाबरली, म्हणाली उद्या गाडी घेऊन येते, पुण्याला नेते, तू वाचशील. मी नको म्हटलं. एक काम सांगितलं. पुण्याहून डॉक्टरांना पत्र पाठव — विषाणूचं वेगळं रूप सापडलंय, माझा नमुना पुन्हा हवा, आणि मुख्य डॉक्टरांनी तो स्वतः घ्यावा. असा नियम आहे. मी त्या नियमाला कंटाळत असे.

शुभ्रा रडत होती. म्हणाली, असं का करतेस. मी काहीतरी उत्तर दिलं. ती म्हणाली, मिताली, हा आवाज कुणाचा?

२४ जानेवारी

ओळी नीट दिसत नाहीत. सगळ्यावर साय. खिडकीशी मावशी आल्या. मी म्हटलं पाणी द्या — म्हणजे मला तसं म्हणायचं होतं. मावशी भिंतीला टेकल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि मला जाऊबाई म्हणाल्या.

भीती वाटतेय. आईची आठवण — गाडी येऊ दे म्हणायला हवं होतं — नाही. नाही. आधी हे.

२५

पत्र आलं. त्याला यावंच लागणार. नूतन सिस्टरनं नकार दिला, बाकी कुणी धजत नाही. मास्क लावून येईल, मोठा झगा घालून येईल. घालू दे. तिला मास्क काय करणार —

ती आता पायथ्याशी नाही. घशात आहे. गिळताना हलते.

सकाळ

पावलं. कडी काढतोय. त्याला वाकावं लागेल, अगदी जवळ, तोंडापाशी तोंड. लांबून नमुना घेता येत नाही.

दार उघडलं. गोड बोलतोय. म्हणतोय घाबरू नकोस बाळ, तोंड उघड

उघडतीया म्या. ये. वाक की जरा अजून —