सात राष्ट्रपती गेले, हे आहेत

२४ जुलै २००२, बुधवार

उद्या राष्ट्रपती बदलणार. देशाचे. आमचे नाही.

आमचे म्हणजे हे — गावच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष, आनंदराव. १९७१ साली शाळा काढली तेव्हा खुर्चीत बसले, ते बसलेच. मध्ये दोनदा खुर्ची बदलावी लागली, वेत तुटला म्हणून. माणूस तोच.

परवा शाळेत राष्ट्रपतींवर बोलायचंय, म्हणून भाषण मागितलंय माझ्याकडे. 'सोपं लिही. पोरांना कळंल असं.' भाषणं पहिल्यापासून मीच लिहिते. टाळ्या हे घेतात.

२५ जुलै

शपथविधी टीव्हीवर पाहिला. घरात बसायला जागा नव्हती. उपाध्यक्ष हौसराव तर सकाळी आठलाच हजर. तीस वर्षं ह्यांच्या मागच्या खुर्चीवर बसून मान हलवतात, तेच त्यांचं काम.

हे म्हणाले, 'पाच वर्षांत काय कळतंय माणसाला? खुर्ची अंगाला बसंपर्यंतच दोन जात्यात.'

मी म्हटलं, 'राजेंद्रबाबूंना बारा वर्षं मिळाली होती.'

'बघा! मोठ्या माणसाला येळ द्यावा लागतो.'

'त्यांच्यानंतर पाचाच्या वर कुणीच बसलं नाही.'

हौसराव मध्ये पडले. 'वैनी, देशाला माणसं लय हायती. गावाला आप्पा एकलेच.'

ह्यांनी नको नको म्हणत मान हलवली. चेहरा मात्र हो म्हणत होता. मी चहा टाकायला उठले.

चहा उकळेपर्यंत मनात उजळणी केली. हे बसल्यापासून सात राष्ट्रपती गेले, आठवा आज आला. त्यातले एक तर पदावर असतानाच वारले. लगेच हंगामी बसले. देश चालला. आमच्याकडे हे दोन दिवस तापानं पडले तर शाळेची सहल रद्द होते.

२६ जुलै

भाषण झालं. काय सांगू!

मी साधंच लिहिलं होतं. मुदत पाच वर्षांची. मुदत संपली की राष्ट्रपती भवन सोडायचं, सामान बांधायचं, दुसऱ्याला नमस्कार करून निघायचं. शेवटी एक वाक्य — 'खुर्ची देशाची असते, बसणाऱ्याची नसते, हे ज्याला कळलं तो मोठा.' ह्यांनी आधी वाचून बघितलं नाही. कधीच बघत नाहीत. ते वाक्य तर हात वर करून, थांबत थांबत, दोनदा म्हटलं.

मास्तर मंडळींना एकदम खोकला आला. हौसरावांनी सवयीनं मान हलवली.

मग मुख्याध्यापकांना काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणाले, कुणाला काही विचारायचंय? नववीतली एक मुलगी उठली. 'अध्यक्षसाहेब, तुमची मुदत किती?'

हे हसले. म्हणाले, 'गाव म्हणंल तवर, बाळ.'

मागच्या भिंतीला टेकून बिरदेव उभा होता. ह्याच शाळेत शिकला, आता रांजणगावला कंपनीत आहे, माजी विद्यार्थ्यांतर्फे मंडळाचा सभासदही आहे. तो शांतपणे म्हणाला, 'मग इचारू की गावाला, आप्पा.'

घरी येताना हे मला म्हणाले, 'असलं वाक्य कशापायी घातलंस?' मी म्हटलं, चांगलं वाटलं म्हणून. खरंच टोमणा नव्हता तो. टोमणा मारायचा असता तर इतका साधा मारला नसता.

२९ जुलै

बिरदेव आला होता. सेकंड शिफ्टला जाता जाता, कंपनीच्या कपड्यांतच. हे नव्हते. बरं झालं.

त्याच्या भावाची मुलगी सोनम यंदा दहावी झाली, शाळेत पहिली. गावात पुढं वर्ग नाहीत म्हणून रोज एसटीनं शिरूरला जाते अकरावीला. एसटीचा काही भरवसा नाही. भरलेली असली की ड्रायव्हर थांबतच नाही, पोरी हात करत राहतात. परतायला अंधार होतो. बिरदेवची आई अनसाबाई आता अडून बसलीय. सगळी हयात मेंढरांमागे रानोमाळ काढलेली बाई, पण नातीच्या अंधाराला घाबरते. म्हणते, बास झालं, स्थळं बघा.

'काकी, अकरावी-बारावीचे वर्ग मागायचा कागद तीन वर्षं झाली आप्पांकडं पडून हाय. सहीच करत न्हाईत. तुम्ही सांगून बघा.'

मी सांगितलंय. तीन वर्षं सांगतेय. ह्यांचं उत्तर एकच — 'बघू.'

३ ऑगस्ट

आज पुन्हा सांगितलं. 'बघू.'

मी म्हटलं, कधी बघणार? पोरीचं लग्न झाल्यावर?

'बिरदेवनं काढलेली टूम हाय ती. आज कॉलेज म्हणंल, उद्या माझी खुर्ची म्हणंल.'

तोंडातून निघालंच शेवटी.

९ ऑगस्ट

वार्षिक सभा अठरा तारखेला, रविवारी. बिरदेवनं ठराव दिलाय: अध्यक्षाची मुदत पाच वर्षं, जास्तीत जास्त दोनदा, आणि ही मोजणी स्थापनेपासून. म्हणजे हे घरी.

हे मोठ्यानं हसले. 'सभासद माझे. एकेकाला मीच केलेला.'

खरंय. मलाही त्यांनीच केलं. मंडळाची नोंदणी करायला सात नावं लागत होती. सहा जमली, सातवं सापडेना, म्हणून माझं घातलं. आजवर मी सभेला एकदाही गेले नाही. सह्या घरी आणून द्यायचे, भाकरी थापता थापता मी करायची.

दुपारी नदीकडे गेले होते. पलीकडे इनामगाव दिसतं. तिथं खोदकामात तीन हजार वर्षांपूर्वीचा गावप्रमुख सापडला म्हणतात, रांजणात बसवून पुरलेला. म्हणजे मेल्यावरही बसलेलाच! ह्यांना सांगायला हवं. खूश होतील.

१४ ऑगस्ट

काल एसटी थांबली नाही. सोनम मिळेल त्या गाडीनं फाट्यापर्यंत आली, तिथून चालत, रात्र पडल्यावर. आज भेटायला गेले तर अनसाबाई ओट्यावर बसलेली.

'पोरगी काय गाडीमागं पळाया जन्मली व्हय वो? उद्यापास्नं जायाचं न्हाई म्हंजी न्हाई.'

सोनम आत भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, 'मला चालायचं काय न्हाई काकी. आजीला झोप लागंना, त्याचं काय करू?'

त्या पोरीनं रडायला हवं होतं. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

१८ ऑगस्ट, रविवार

सभेला गेले.

हे दारातच थबकले. 'तू कुठं?' मी म्हटलं, सभासद आहे ना. त्यांना वाटलं मत द्यायला येतेय, म्हणजे त्यांनाच. म्हणाले, 'चल, एक हात वाढला.' मोटरसायकलवर मागे बसवून स्वतः घेऊन गेले.

शाळेचा हॉल. बायकांत मी एकटी. बिरदेव उभा राहिला, वाईट काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, 'आप्पांनी शाळा काढली नसती तर मी आज मेंढरांमागं असतो. त्ये कुणी नाकारत न्हाई. पर दिल्लीच्या खुर्चीला मुदत हाय आन् आपल्या खुर्चीला न्हाई, ह्ये काय बरं न्हाई.'

मग हे बोलले. माझं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं लांबलं.

चिटणीस म्हणाले, ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावा. बिरदेवचा हात वर. त्याच्या शेजारच्या दोन पोरांचे. बाकी सगळे कुणी फरशीकडे, कुणी पंख्याकडे. हे खुर्चीत रेलून बसलेले, एकेकाकडे बघत. ज्याच्याकडे बघायचे त्याची मान खाली.

मी हात वर केला.

काही ठरवून गेले नव्हते. अनसाबाईच्या घरातला भांड्यांचा आवाज कानात होता, एवढं आठवतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी वाटलं त्यांना, मी चुकून केलाय. हळूच खूण केली, खाली घे. मी घेतला नाही.

मग म्हातारे म्हस्कूमामा, ह्यांचे जुने सोबती, त्यांनी केला. त्यांच्यामागून एकेक करत निम्म्याच्या वर हॉल. लोकांना मत होतं तर! फक्त ह्यांच्या माणसांतला पहिला हात आपला नको होता.

लगेच नवा अध्यक्ष निवडायचं ठरलं. बिरदेव म्हणाला, मला शिफ्ट असते, मी नको. तर कोण झालं? हौसराव! दोन मिनिटांपूर्वी ठरावाविरुद्ध हात वर केलेला माणूस. तोच हात जोडून उभा राहिला, 'गावाची इच्छा हाय तर न्हाई कसं म्हणू?'

हे मोटरसायकलवर एकटेच निघून गेले. मी चालत आले.

१९ ऑगस्ट

बोलत नाहीत. जेवले मात्र.

२३ ऑगस्ट

आज बोलले. ओसरीवर बसून, माझ्याकडे न बघता.

'सगळ्यांनी तुझा हात बघितला. मला आधी सांगायचं व्हतंस.'

'तीन वर्षं सांगत होते.'

मग म्हणाले, 'कॉलेज झालं की प्राध्यापक येणार. एमेबिमे झालेले. मी सातवी. त्यांच्या मिटिंगीत काय बोलणार व्हतो मी? भाषण तू लिहून दिलं असतंस. पर त्यांनी मध्येच काय इचारलं तर?'

एवढंच होतं होय! एवढ्यासाठी गावातल्या पोरी एसटीमागे पळत होत्या.

रागही आला आणि हात धरावासाही वाटला. दोन्हींतलं काहीच केलं नाही. म्हटलं, 'मला सांगायचं होतं आधी.'

३१ ऑगस्ट

हौसरावांनी अकरावीच्या कागदावर सही केली. दोन आठवड्यांच्या आत! स्वतः सांगायला आले, ह्यांची नजर चुकवून, परसदारानं.

'पाचच वर्षं हायती वैनी. कायतरी करून दावाया नको का?'

तीस वर्षं मान हलवणारा माणूस दोन आठवड्यांत कामाला लागला. मुदतीचा गुण!

अनसाबाईकडे गेले. वर्ग पुढच्या वर्षी सुरू होतील म्हणून सांगितलं. म्हटलं, वर्षभर थांबा, स्थळं बघू नका. म्हातारी म्हणाली, 'गावात असंल तर जाऊ द्या की. मी काय वैरी हाय व्हय तिची?'

५ नोव्हेंबर, पाडवा

दरवर्षी पाडव्याला ओसरीवर बसायला जागा नसते. आज म्हस्कूमामा तेवढे आले. चहाला लहान पातेलं काढलं.

लोक हौसरावांकडे गेलेत. हे म्हणाले, 'त्यांच्याकडं चिवडा बरा नसतो.'

हसू आलं, पण हसले नाही. संध्याकाळी त्यांच्याजवळ ओसरीवर जाऊन बसले. बऱ्याच वर्षांनी तिथं मला जागा होती.

१२ फेब्रुवारी २००३

खुर्ची गेली, अध्यक्ष घरी आले! आता स्वयंपाकघराचा कारभार बघतात. गॅस बारीक कर. मीठ नंतर घाल. भांड्यांची मांडणी चुकीची आहे. काल मला म्हणाले, 'तुला शिस्त म्हणून न्हाई.'

म्हटलं, असं करा, आजची आमटी तुम्हीच करा.

केली. खाल्ली. अध्यक्षांनीच पहिला घास घेऊन मान खाली घातली.

२० जून २००३

वर्गांना परवानगी आली. शिक्षक मात्र एकच मिळालाय, मराठीला कुणीच नाही.

बिरदेव आणि मुख्याध्यापक आले होते. मला वाटलं ह्यांना भेटायला, म्हणून आत गेले. तर बिरदेवनं हाक मारली. 'काकी, काम तुमच्याकडं हाय. माणूस मिळंपर्यंत मराठी शिकवता का?'

ही शाळा गोठ्यात भरत होती तेव्हा पहिली शिक्षिका मीच होते. दौंडची, रेल्वेतल्या क्लार्कची मुलगी, बीए. एक वर्ष शिकवलं. मग सासरे म्हणाले, अध्यक्षाची बायको नोकरीला शोभत नाही. हे काही बोलले नाहीत. मीही नाही.

बिरदेवला म्हटलं, उद्या सांगते.

२१ जून

ह्यांना विचारणार होते. सकाळी उठले, अंघोळ केली, शाळेत जाऊन हो म्हणून आले.

७ जुलै २००३, सोमवार

पहिला तास. सोनम दुसऱ्या बाकावर, एक वर्ष उशिरा. फळ्यावर तारीख लिहिली, ओळ वाकडी गेली, पोरींनी पाहिलं, कुणी हसलं नाही.

घरी आले तर हे दारात उभे. 'जेवायला वाढलंय,' म्हणाले.