दादाची बाग, आभाळातून

३ डिसेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. जबाबदारी मोठी असली की माणसाने नोंदी ठेवाव्यात.

दादा-वहिनी पहाटे पुण्याला गेले. त्यांच्या निकिताचं पहिलं बाळंतपण. पोरगी खरं तर माहेरी यायची, पण डॉक्टरने प्रवास नको म्हणून सांगितलं, तर माहेरच तिकडं गेलं. तोवर मोसंबीची बाग माझ्याकडे. दत्तराव म्हणजे माझा थोरला भाऊ, त्याने जन्मात पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलं. माझं वय एक्कावन्न.

सूचना एकच. बाग ताणावर सोडलीय, संक्रांत होईपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा न्हाई. पानं पिवळी पडतील, गळतील, घाबरायचं न्हाई. ताण बसला तर फूल, न्हाईतर नुसता पाला. हे त्याने तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जीपमध्ये बसताना, माझ्याकडे न बघता माझ्या बायकोकडे बघून.

एकदा तरी दादाने मला शाबास म्हणावं. त्याच्या तोंडून तो शब्द मी ऐकलेला आहे, पण तो बैलाला.

४ डिसेंबर
संकल्प: पहाटे पाचला उठणे. बागेत फेरी. वैज्ञानिक पद्धतीने देखरेख.

मानवतला वीस वर्षं कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास चालवला. तालुक्यातले अर्धे कारकून माझ्या हाताखालून गेले. क्लास बंद पडला तो मोबाइलमुळे, माझ्यामुळे नाही. त्यातला एक कॉम्प्युटर शिल्लक आहे, तो आता बागेच्या कामी.

युरोपचा एक उपग्रह दर पाच दिवसांनी आमच्या पेडगाववरून जातो आणि फोटो फुकट मिळतात. साधे फोटो नव्हेत. डोळ्याला न दिसणारा उजेडही त्यात असतो. सॉफ्टवेअर त्यातून निरनिराळी चित्रं करतं आणि पीक कुठं जोमात, कुठं आजारी ते रंगात दाखवतं. दादाला पायी फिरून जे कळतं ते मला खुर्चीत कळेल.

पहाटे पाचला उठलो नाही. थंडी लय होती.

६ डिसेंबर, दुपारी
सॉफ्टवेअर बसवलं. पहिलं चित्र उघडलं तर दादाची बाग रक्तासारखी लाल. शेजारच्या आश्रुबाची बाग लाल. ओढ्याकाठच्या बाभळीसुद्धा लाल. चपला न घालता बागेत पळालो.

झाडं जागेवर होती. आश्रुबा बांधावर उभा होता, त्याने विचारलं, सर, अनवाणी कुठं पळायलात? व्यायाम म्हणालो.

घरी येऊन माहिती वाचली. ते इन्फ्रारेडचं चित्र होतं. त्यात निरोगी झाड लालच दिसतं. दुसरं असतं एनडीव्हीआय, त्यात निरोगी झाड हिरवं आणि लाल म्हणजे वाईट. बाग एक, दिवस एक, आणि एका चित्रात लाल म्हणजे तब्येत ठणठणीत, दुसऱ्यात लाल म्हणजे शेवटची घटका. हे ज्याने ठरवलं त्याची स्वतःची बाग नसावी.

दुसरं चित्र उघडलं. गावाभोवतीची मोकळी रानं लाल, बाग हिरवी. जीव भांड्यात पडला. घाबरलो असं नाही. पायात काटा मात्र मोडला.

११ डिसेंबर
नवीन चित्र आलं. आज सुधारणा केली. बाकीचं गाव कापून टाकलं आणि चित्रात नुसती बाग ठेवली, म्हणजे लक्ष इकडं तिकडं जाणार नाही.

बागेच्या ड्रिपला चार वॉल्व, म्हणजे बागेचे चार तुकडे. पहिला विहिरीजवळ, मुरमाड. चौथा खाली ओढ्याला, काळ्या रानात. पहिला तुकडा लालभडक.

सॉफ्टवेअरमध्ये दोन चित्रं एकावर एक ठेवून मधली दांडी सरकवता येते. डावीकडे ओढली की नवं चित्र, उजवीकडे ओढली की जुनं. जुन्यात बाग हिरवी, नव्यात विहिरीजवळ आग. दुपारभर ओढायलो. ही झाडं दादाने दुष्काळात टँकरच्या पाण्यावर तांब्या-तांब्याने जगवली. तो परत येईल आणि विहिरीजवळ नुसते खुंट असतील, तर मी कुठं तोंड लपवू?

मंजुषा, म्हणजे माझी बायको, म्हणायली की दादांनी सांगितलंय ना, पानं पिवळी पडतील म्हणून. तिला समजावलं. दादा पिवळं म्हणाला होता. लाल म्हणाला नव्हता.

१२ डिसेंबर
पाणी दिलेलं नाही. पहिला वॉल्व चालतो का ते तपासलं. तपासताना तो दोन तास उघडा राहिला.

१६ डिसेंबर, सकाळी १०
पहिला तुकडा हिरवागार. दांडी सरकवून सरकवून पाहिलं. मेलेला जिवंत झाला. वीस वर्षांत इतकं समाधान टायपिंगने दिलं नाही.

दुपारी १
पण दुसरा तुकडा लाल. म्हणजे रोग सरकतोय. काहीतरी विहिरीकडून ओढ्याकडे चाललंय.

दुसराही वॉल्व तपासला.

संध्याकाळी
दादाचा फोन. काय करायलास, बाग कशी हाय? कंट्रोलमध्ये आहे, मी म्हणालो. पानं गळायलीत का? हो म्हणालो. तो म्हणाला, गळू दे, चांगलं हाय. फोन ठेवला तेव्हा कानामागे घाम आला होता. पहिल्या तुकड्यात गळायचं थांबलंय.

पण दादाने उपग्रह पाहिलेला नाही.

२१ डिसेंबर
तिसरा लाल. आता मला धक्का बसत नाही, फक्त जेवण जात नाही. तिसरा वॉल्व.

आश्रुबा बांधावरून म्हणाला, सर, बागेत ओल दिसायली. दव आहे म्हणालो. तो म्हणाला, दव बरं नळीखाली सरळ रेघेत पडायलंय. आणि हसला. त्याच्याकडे दादाचा नंबर आहे. त्याला घरी आणून चहा पाजला. दुसऱ्यांदाही पाजला. त्याचीही बाग ताणावर आहे, पानं गळून नुसत्या काड्या राहिल्यात. बिचारा. त्याला कुणी सांगणारं नाही.

२६ डिसेंबर, सकाळी
चौथा लाल. अपेक्षेप्रमाणे.

विहिरीवरची मोटार चालू केली आणि ओढ्याकडे गेलो. चौथ्या वॉल्ववर सापाची कात. हातभर नाही, चांगली माझ्या छातीला लागेल एवढी. घोणसच असणार. ती ज्याने टाकली तो फार लांब गेला नसेल.

परत आलो. मोटार बंद केली. ही भीती नव्हे. जनावराच्या जागेत आपण जाऊ नये.

संकल्प: गमबूट.

२८ डिसेंबर
मानवतहून गमबूट आणले. एक नंबर मोठे मिळाले. घालून चौथ्या तुकड्याच्या तिसऱ्या ओळीपर्यंत गेलो. तिथून कात दिसते. वाऱ्याने हलायली. की वाऱ्याने नव्हे, सांगता येत नाही.

बूट मोठे असल्यामुळे परत आलो. म्हणजे पळता आलं नसतं म्हणून.

३१ डिसेंबर, दुपारी
चौथा तुकडा आणखी गडद लाल. सगळ्या प्रकारांत तपासला. ओलाव्याच्या चित्रात तपकिरी. इन्फ्रारेडमध्ये जिथं लाल असावा तिथं नेमका फिका. चार खिडक्या शेजारी शेजारी उघडल्या, चारही एकच सांगतात. तीन तुकडे मी वाचवले आणि चौथा माझ्या डोळ्यांदेखत मरतोय, आणि मी तिथं जाऊ शकत नाही. आज मला रडू आलं. मंजुषाला सर्दी म्हणून सांगितलं.

दुपारी ४
सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन सापडला. त्यावर पहिल्यापासून टिक होती. त्याचा अर्थ, प्रत्येक चित्राला आपापली रंगपट्टी. म्हणजे चित्रात जे असेल त्यातलं सगळ्यात कमी हिरवं ते लाल करायचं, मग ते कितीही चांगलं का असेना. क्लासमध्ये सगळ्यांना नव्वदच्या वर मार्क पडले तरी कुणीतरी शेवटचा असतोच. हे सॉफ्टवेअर त्याला लाल रंगवत होतं. आणि बाकीचं गाव मी स्वतःच कापून टाकलं होतं.

टिक काढली. जुनी चित्रं सगळी एकाच पट्टीवर पाहिली.

लाल कुठंच नव्हतं. लाल दिसला त्या दिवशी पहिला तुकडा नुसता पिवळा. दुसरा पिवळा. तिसराही पिवळाच. दादा म्हणाला होता तसा.

कॉम्प्युटर बंद केला.

१ जानेवारी
नवीन वर्ष. पाणी म्हणजे शेवटी पाणी. मी काही विष घातलं नाही. झाडाला तहान लागली, मी पाजलं. यात काय बिघडलं असेल? काही बिघडलं नसेल.

संकल्प: यापुढे वॉल्वला हात लावणार नाही. चौथ्या वॉल्वच्या बाबतीत हा संकल्प पूर्णपणे पाळत आलो आहे.

६ जानेवारी
निकिताला मुलगी झाली. दादा फोनवर चक्क हसला. आता त्याला फेब्रुवारीशिवाय येणं होत नाही. मला म्हणाला, संक्रांत होऊ दे, दुसऱ्या दिवशीची कर जाऊ दे, मग चारी वॉल्व सोड. बागेचा एक फोटो पाठव, निकिताला बघायचाय. मी उपग्रहाचा पाठवला. दादाने विचारलं, हा काय खेळ हाय?

१६ जानेवारी
काल कर झाली. आज अधिकृत पाणी. तीन वॉल्व अभिमानाने उघडले. चौथ्यासाठी मंजुषाला कातीचं सांगावं लागलं. ती म्हणाली, टाकून दिलेल्या सालीला एवढं भेताव, मग खरा साप आला तर काय करताल? पदर खोचला, गेली, कातीला हात न लावता वॉल्व फिरवला आणि परत आली.

पाय धुताना म्हणाली, ह्या एका वॉल्वची भीती वाटली, बाकीच्या तीनची वाटली न्हाई ना. तिला कसं कळलं विचारलं. ती म्हणाली, महिनाभर तुमच्या चपलांचा चिखल कोण धुवायलंय?

५ फेब्रुवारी
सगळी बाग गर्द हिरवी. गाव परत चित्रात घेतलं, पट्टी एकच ठेवली, सगळं नियमाने. पेडगावात आमच्याइतकं हिरवं काही नाही. दांडी सरकवून आश्रुबाची बाग शेजारी घेतली. फिकी. आमचा चौथा तुकडाही तसाच फिका. रंगीत प्रिंट काढून आणली, दादाला दाखवायला.

सकाळपासून आश्रुबाच्या बागेकडून वास येतोय. गोड. मंजुषा दारात उभी राहून घेत होती. मला म्हणाली, त्यांच्या मोसंबीला फूल आलं.

आमच्या बागेत गेलो. कोवळी पानं, चकचकीत, हातभर लांब फुटवे. एक कळी दिसली म्हणून वाकलो तर तो कोंब होता. पहिला तुकडा ओळीने पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. चौथ्याकडे गेलो नाही, कात आहे.

घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये फुलाचं चित्र शोधलं. नाही.

मला खरंच भीती वाटायली. सापाची नाही.

८ फेब्रुवारी
दादा उद्या येतोय. कारणं तयार केली. हवामान बदल. मधमाश्या कमी झाल्या. उपग्रहाचा दोष. मोठ्याने म्हणून पाहिली तर आवाज फुटत नाही. ताप आला असावा. थर्मामीटर म्हणतो नाही. थर्मामीटर जुना आहे.

९ फेब्रुवारी, संध्याकाळी
दादा आला तो पिशवी हातात घेऊनच बागेत. मी मागे, प्रिंटची सुरळी घेऊन. मंजुषाही आली.

पहिल्या तुकड्यात त्याने एक फांदी वर केली, बघितली, सोडली. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात फांदीला हातसुद्धा लावला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सुरळी हातात घामाने ओली झाली.

मग चौथा तुकडा. पांढराशुभ्र. पान दिसत नव्हतं इतकं फूल. मधमाश्यांचा आवाज बांधापर्यंत. दादा मधोमध उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले.

मग मला विचारलं, ह्याला काय केलंस? काही नाही, मी म्हणालो. दादा म्हणाला, ते दिसायलंय. आणि वरच्या तिन्हीला?

सगळं सांगितलं. लाल, पिवळं, तो चौकोन, टिक, सगळं. त्याने मधे तोडलं नाही. प्रिंट मागितली, उलगडली, बघितली. एवढ्या हिरव्यात हा फिका तुकडा तोच का, म्हणून विचारलं. तोच, मी म्हणालो. फूल पांढरं असतं म्हणून वरून फिकं दिसतं, हे आत्ता उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. तो म्हणाला, पाऊण बहार गेला, परमा. ओरडला नाही. प्रिंट घडी करून माझ्याच खिशात घातली.

हा तुकडा कसा राहिला, हे मंजुषाने सांगितलं. वॉल्ववरची कात दाखवली.

दादा वाकला. दोन बोटांनी कात अलगद उचलली, फाटू न देता. मी चार पावलं मागे झालो. त्याने ती उन्हात धरून शेपटापासून डोक्यापर्यंत बघितली आणि कातीला म्हणाला, शाबास.

मग ती तशीच बागेतून विहिरीपर्यंत नेली आणि मोटारीच्या स्टार्टरवर टांगली. आणि हात धुवायला घरी गेला.

संध्याकाळी मोटार चालू करायची होती. मंजुषाला पाठवलं.