लाल खुणा कुणी पुसल्या?

आई,

नवी टायमिंग चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर बसवायला सोपं जावं म्हणून मी गाडीच्या इंजिनाच्या दातेरी चाकांवर लाल रंगाच्या खुणा केल्या होत्या. त्या पुसल्यास ना? चेन एक दात जरी मागेपुढे बसली तर इंजिन भंगारात! स्लावाला, आपल्या कुलसंताच्या सणाला, पाहुणे येणार म्हणून अंगण झाड, खिडक्या धू; गॅरेजमध्ये तुझं काय होतं?

खुणा पुन्हा जुळवायला मेकॅनिक मिलुतिनकाकांना बोलवायला चाललोय. जेवायला थांबू नकोस.

आणि सगळं इंजिन अजून तेलानं काळंकुट्ट आहे, मग नेमक्या खुणाच कशा गं स्वच्छ झाल्या?

व्हिएन्नाला कामावर जायला मला बस आहे, आई. गाडी मी सुट्टीला घरी येता यावं म्हणून दुरुस्त करतोय.

रादिशा