माप द्यायला येण्याआधी

बाबा,

हे पत्र तुमच्या हाती पडणार नाही. उद्या तुमच्यासमोर धड उभं राहता यावं, म्हणून लिहितोय.

"नोकरी लागली म्हणे. पॅन्ट शिवतो, उद्या दुकानात माप द्यायला ये," एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात. मी मुलगा म्हणून राहायला लागल्यापासून तुम्ही आपणहून केलेला हा पहिलाच फोन.

तेव्हापासून पॅकर समोर ठेवून बसलोय. पुरुषाच्या अवयवासारखा सिलिकॉनचा असतो, चड्डीत ठेवायचा. तो असला की मी रस्त्यावर ताठ चालतो. पण उद्या तुमची टेप मांडीच्या आतून वर येईल आणि हात त्याला लागेल. चटका बसल्यासारखा मागे घेतलात तर? आणि पॅकर न लावता आलो, तर लेकीचं माप घेऊन मोकळे व्हाल.

लहानपणी तुमच्या मशीनखाली चिंध्या गोळा करताना ऐकायचो. प्रत्येक पुरुष गिऱ्हाइकाला तुम्ही मान वर न करता विचारायचात, "डावीकडे की उजवीकडे?" अवयव ज्या बाजूला असतो, तिकडे पॅन्टचं कापड जरा सैल सोडायला. दादाच्या पहिल्या फुलपॅन्टच्या वेळी त्यालाही विचारलंत. तो लाजून लाल झाला आणि मी जळून खाक.

पॅकर घरीच ठेवून येतोय. तो हाताला लागला म्हणून विचारलंत, तर मला नकोय ते. हाताला काही न लागता विचारा.

माझं उत्तर तेव्हापासून तयार आहे. डावीकडे.

तुमचा,
धाकटा